पगार किती हे नंतर, नोकरी कुणाच्या रोलवर हे आधी

नाशिकमध्ये कंपनीतली नोकरी म्हटलं की सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, ओझर याच नावांभोवती सगळं फिरतं. नोकरी शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "पगार किती देतील?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, मी कुणाच्या रोलवर, म्हणजे कागदोपत्री कुणाचा कर्मचारी असणार? दुसरा, रोज जाण्या-येण्यात किती वेळ आणि किती पेट्रोल जाणार? ही दोन उत्तरं हातात नसताना पगाराचा आकडा ऐकला तर तो हमखास मोठा वाटतो.

पुढचं सगळं आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग किंवा बीकॉम झालेल्या आणि दहाएक वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यांसाठी आहे. सरकारी भरतीचा रस्ता वेगळा, तो इथे नाही.

रोलवर कोण, हे कसं विचारायचं

गेटवर बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो, पण तुमच्या पगारपत्रकावर नाव कुणाचं येणार? मुलाखतीत थेट विचारायला संकोच वाटत असेल तर असं विचारा: "अपॉइंटमेंट लेटर कुणाच्या लेटरहेडवर मिळेल, आणि पीएफ कुणाच्या कोडवर भरला जाईल?" यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही. एचआरवाल्याला एका वाक्यात उत्तर देता येतं. उत्तर गोलमोल आलं तर कॉन्ट्रॅक्टरकडचं काम आहे असं धरून चाला.

कॉन्ट्रॅक्टवरचं काम वाईटच असतं असं नाही. अनेकांना मोठ्या प्लांटची ओळख तिथूनच होते. पण तिथे तीन गोष्टी स्वतः जपाव्या लागतात: दर महिन्याची पगाराची स्लिप, गेटपासची झेरॉक्स आणि पीएफच्या पासबुकातली नोंद. कॉन्ट्रॅक्टर बदलला की माणूस त्याच मशीनवर राहतो, पण कागदावर त्याची नोकरी नव्याने सुरू होते. अशी तीन-चार वर्षं काढल्यावर अनुभवाचं पत्र कुणी द्यायचं, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा हेच कागद कामाला येतात. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. मात्र तुम्ही तिथे काम करत होतात हे दाखवायला पुरावा तुमच्याकडेच हवा.

फिक्स्ड टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीची नेमणूक, हा प्रकार आता वाढतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये अशा कर्मचाऱ्याला त्याच कामावरच्या परमनंट माणसाइतक्या सुविधा आणि एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. नेमणुकीचं पत्र लेखी देणंही आता बंधनकारक आहे. पत्रात मुदत संपायची तारीख शोधा आणि ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या तारखेच्या तीन महिने आधी पुढची शोधाशोध सुरू झाली पाहिजे.

अप्रेंटिस हा कायद्याने कर्मचारी नसतो, शिकाऊ असतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्यामुळे जागा निघत राहतात. स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने कामावर घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. तरीही नुकत्याच आयटीआय झालेल्या मुला-मुलींना मी आधी अप्रेंटिसशिपच सुचवेन. ओझरच्या एचएएलसारख्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ठिकाणी किंवा चांगल्या इंजिनिअरिंग कंपनीत वर्ष काढून शेवटची परीक्षा पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, आणि ते आयुष्यभर चालतं. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर फुकट होते. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्सचं (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेचं) पोर्टल वेगळं आहे. मधल्या एजंटाला पैसे देण्याचं काहीच कारण नाही.

आणि "ट्रेनी" या शब्दावर विसंबू नका. कुठे ट्रेनी म्हणजे प्रोबेशनवरचा कर्मचारी, कुठे अप्रेंटिस, तर कुठे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. पीएफ कापला जाणार की नाही, एवढं विचारलं की अर्धा उलगडा होतो.

अंतराचा हिशेब

पंचवटीत राहणाऱ्याने सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत नोकरी धरली तर एका बाजूचं अंतर हिशेबापुरतं ३५ किलोमीटर धरा. जाऊन-येऊन ७०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,८२० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० देत असेल तर ३६ लिटरच्या वर पेट्रोल लागतं. लिटरमागे शंभर रुपये धरले तरी साडेतीन हजार गेले, सर्व्हिसिंग आणि टायर वेगळे. म्हणजे घराजवळच्या नोकरीपेक्षा चार हजार जास्त देणारी सिन्नरची नोकरी प्रत्यक्षात जवळपास तेवढ्याच पगाराची, आणि वर रोज दोन तास रस्त्यावर. थर्ड शिफ्टला पुणे हायवेवरून दुचाकीने जायचं असेल तर हा हिशेब पैशांपुरता राहतच नाही.

म्हणून कंपनीच्या बसचं नीट विचारा: बस आहे का, कुठल्या शिफ्टला आहे, सर्वांत जवळचा स्टॉप कोणता, पगारातून किती कापतात. फर्स्ट आणि जनरलला बस आहे, थर्डला नाही, असं बऱ्याचदा निघतं. महिलांनी तर रात्रपाळीच्या वाहनाची व्यवस्था लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

बायोडेटा: काम आकड्यांत लिहा

बायोडेटात सर्वांत जास्त आढळणारी ओळ: "सीएनसी मशीन ऑपरेट केली." ही ओळ वाचून प्रॉडक्शनचा माणूस काहीच ठरवू शकत नाही. तो मनात विचारतो: कुठली मशीन, कुठलं कंट्रोल, कुठला जॉब, सेटिंग स्वतः करता येतं का, मोजमाप येतं का. तेच लिहायचं. उदाहरणार्थ:

"फानुक कंट्रोलची दोन सीएनसी टर्निंग सेंटर. ईएन-८ चे शाफ्ट, २५ मिमी व्यासावर ±०.०२ मिमी टॉलरन्स. शिफ्टला १८० नग. टूल बदलणं, ऑफसेट देणं, पहिल्या नगाची तपासणी स्वतः. जॉब बदलताना सेटिंगला सव्वा तास."

चार ओळींत माणूस दिसतो. शिवाय मुलाखतीत प्रश्न इथूनच येतात, आणि त्यांची उत्तरं तुम्हाला येत असतात. आकडे खरेच लिहा. नगाला सव्वादोन मिनिटं लागत असतील तर शिफ्टला १८० नग जमतात, ३०० जमत नाहीत. समोरचा माणूस हे गणित मनातल्या मनात करतो.

प्रत्येक कामाचे आकडे वेगळे. क्वालिटीत असाल तर कुठली साधनं वापरता (व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज, सीएमएम), कुठल्या ग्राहकाचा ऑडिट हाताळला, तक्रार आल्यावर एट-डी (8D, कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) तुम्ही लिहिली की फक्त सही केली. मेंटेनन्सवाल्यांनी किती मशीन हाती होत्या, कुठल्या पीएलसीवर काम केलं, ब्रेकडाऊनचे तास किती होते आणि किती झाले. अंबड-सिन्नरकडच्या औषध कंपन्यांसाठी जीएमपी (उत्पादनातल्या गुणवत्तेचे नियम), बॅच रेकॉर्ड भरणं, कुठल्या प्रकारची उत्पादनं. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात फळप्रक्रिया आणि वायनरीमध्ये जायचं असेल तर एचएसीसीपी (अन्नसुरक्षेची पद्धत), कोल्ड स्टोरेजचं तापमान, हंगामात दिवसाला किती टन माल हाताळला. अकाउंट्सवाल्यांनी महिन्याला किती बिलं, जीएसटीची कुठली रिटर्न स्वतः भरली, टॅली की सॅप. "संगणकाचं ज्ञान" ही ओळ आता काढून टाका. एक्सेलमध्ये व्ही-लुकअप आणि पिव्हट टेबल येतं, असं लिहिता येत असेल तर ते लिहा.

हाती आकडे नसतील तर आजपासून जमवा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत पाच ओळी: कुठलं काम, किती उत्पादन, रिजेक्शन किती टक्के, काय नवं शिकलो, कुणी वाखाणलं. नोकरी सोडल्यावर हे आकडे परत मिळत नाहीत. मात्र कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, प्रोग्रॅम यातलं काहीही सोबत न्यायचं नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान पुरतं. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, उंची, "वरील माहिती खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र, हे सगळं काढा. दोन रकान्यांचे रंगीत नमुने टाळा, कारण नोकरीच्या पोर्टलवर असा बायोडेटा चढवला की मजकूर उलटसुलट वाचला जातो आणि अनुभवाच्या रकान्यात शिक्षण जाऊन बसतं. साधी, मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ करा, मोबाइलने काढलेला फोटो नको. फाइलच्या नावात तुमचं नाव, काम आणि अनुभवाची वर्षं असू द्या. "नवीन बायोडेटा फायनल २" या नावाची फाइल एचआरच्या फोनमध्ये परत सापडत नाही.

अर्ज कुठे करायचा

शंभर ठिकाणी तोच बायोडेटा पाठवण्यापेक्षा तीस कंपन्यांची यादी करा. एका कागदावर कंपनी, एमआयडीसी, काय बनवते, माझ्या कामाचा विभाग आहे का, ओळखीचं कोण. नाशिकमध्ये ही यादी करणं सोपं आहे, कारण उद्योगांचे गट ठळक आहेत: गाड्यांचे सुटे भाग, स्विचगिअर आणि पॅनल, औषधं, अन्नप्रक्रिया. सातपूरची निमा आणि अंबडची आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या सभासदांमध्ये लहान-मध्यम कारखाने भरपूर आहेत. बहुतेकांची जाहिरात कुठल्याच पोर्टलवर येत नाही. तिथली भरती तोंडी होते.

माझं स्पष्ट मत: पहिल्या तीन वर्षांत शक्य असेल तर मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात काम करा. मोठ्या लाइनवर एकच ऑपरेशन वर्षभर करावं लागतं. छोट्या शॉपमध्ये सकाळी सेटिंग, दुपारी इन्स्पेक्शन, संध्याकाळी ग्राहकाचा फोन, असं सगळं अंगावर येतं आणि हात लवकर तयार होतो. अट एकच, पीएफ नियमित भरला जात असला पाहिजे. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. "आमच्याकडे पीएफ नाही, रोख घ्या" असं पन्नास माणसांच्या कारखान्यात कुणी म्हणत असेल तर तिथे जाऊ नका.

पोर्टलवर असाल तर प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडून काहीतरी खरं अद्ययावत करा, कारण नुकत्याच सक्रिय असलेल्या उमेदवारांची यादी भरती करणारे आधी पाहतात. नोटीस पिरियडचा रकाना रिकामा ठेवू नका. नाशिकबाहेर असाल आणि परत यायचं असेल तर पसंतीच्या ठिकाणात नाशिक टाका आणि वरच्या ओळीत "घर नाशिकला" असं लिहा. नाहीतर एचआर असं धरतो की हा पुण्याचा पगार मागेल आणि वर्षभरात परत जाईल. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा. जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथूनच कळतात.

ओळखीतून अर्ज करताना "काही असेल तर बघ ना दादा" एवढ्यावर थांबू नका. ओळखीच्या माणसाला कष्ट कमी पडतील असा मजकूर तयार द्या: कुठल्या विभागातली कुठली जागा, तुमचा अनुभव दोन ओळींत, सोबत पीडीएफ. तो तेच पुढे पाठवू शकतो.

फसवणुकीचं ओळखणं तसं सोपं आहे. नोंदणी, युनिफॉर्म, मेडिकल, लॅपटॉपची अनामत, कुठल्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले की ती नोकरी नाही. नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये किंवा एचएएलमध्ये "आतून लावून देतो" म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा. नोटप्रेसची भरती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाच्या जाहिरातीने आणि ऑनलाइन परीक्षेने होते, एचएएलची त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवून रक्कम अडवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मुलाखतीत खरोखर काय होतं

शॉप फ्लोअरच्या जागेसाठी बोलणं कमी आणि दाखवणं जास्त असतं. टेबलावर एक जॉब, एक व्हर्निअर आणि एक ड्रॉइंग. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१. हे विचारलं जातंच, आणि अनुभवी माणसंही इथे अडखळतात, कारण रोज डिजिटल वापरून सवय गेलेली असते. एम-१० च्या टॅपिंगआधी ड्रिल किती? जाड पिच १.५ मिमी, म्हणून ८.५. इलेक्ट्रिशियनला स्टार-डेल्टा स्टार्टर कागदावर काढायला लावतात. क्वालिटीत पाच कोअर टूल्स (एपीक्यूपी, पीपीएपी, एफएमईए, एमएसए, एसपीसी), आणि त्यातल्या निदान एकाचं तुमच्या हातून झालेलं उदाहरण. अकाउंट्सच्या मुलाखतीत तारखा येतात: टीडीएस सात तारखेला, जीएसटीआर-१ अकराला, ३बी वीसला. तिमाही रिटर्नवाल्यांचं वेगळं असतं, हेही माहीत असलं तर उत्तम.

"आधीची नोकरी का सोडताय?" याला खरं आणि छोटं उत्तर द्या. "तीन वर्षं एकाच लाइनवर आहे, सेटिंगचं काम हवं आहे" हे चालतं. जुन्या साहेबांची निंदा चालत नाही. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एचआरवाले एकमेकांना ओळखतात, तुमचं बोलणं पुढे पोचू शकतं.

आधीचा पगार फुगवून सांगू नका. शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं जातंच, आणि यूएएनखालच्या (पीएफच्या कायमच्या क्रमांकाखालच्या) सेवा नोंदीत तुम्ही कुठे, कधीपासून कधीपर्यंत होतात ते सगळं दिसतं. मधली आठ महिन्यांची नोकरी लपवली तर ती तिथेच उघडी पडते. गॅप असेल तर सरळ सांगावा. आईचं आजारपण, परीक्षेची तयारी, शेती, यातलं काहीही लाजिरवाणं नाही.

ऑफर लेटरचं गणित

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त निराशा पहिल्या पगाराच्या दिवशी होते. समजा, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) वर्षाला ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. बेसिक १५,००० आहे. आता यातून तुमच्या हातात न येणाऱ्या गोष्टी काढा: कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ७२२. वर्षातून एकदा मिळणारा बोनस ८.३३ टक्क्यांनी, १,२५०. मेडिक्लेमचा हप्ता २२८ धरू. एकूण ४,००० गेले, ग्रॉस राहिला २६,०००. त्यातून तुमचा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, कॅन्टीन आणि बस मिळून ६००. खात्यात येणार २३,४००.

कंपनी फसवते आहे असं यात काही नाही. पीएफ तुमचाच आहे, बोनस दिवाळीला येणार आहे. पण घरभाडं आणि हप्ता ३०,००० धरून ठरवला असेल तर पहिल्याच महिन्यात साडेसहा हजारांची तूट पडते. म्हणून होकार देण्याआधी एचआरला एवढंच विचारा: "माझा इन-हँड किती येईल, त्याचं ब्रेकअप द्याल का?" तुलना करताना दोन्ही नोकऱ्यांचा इन-हँडच समोरासमोर ठेवा.

ब्रेकअपमध्ये मी आधी बेसिक पाहते. पीएफ आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब त्यावरून होतो. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची तरतूद आहे. त्यामुळे बेसिक ३० टक्के आणि बाकी "स्पेशल अलाउन्स" असं दिसलं तर विचारा. पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर, हेही विचारा. बेसिक २२,००० असेल तर पूर्ण बेसिकवर २,६४० कापले जातात, मर्यादेवर १,८००. "व्हेरिएबल" (कामगिरीनुसार मिळणारा भाग) असेल तर गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती टक्के दिला, हा एकच प्रश्न पुरे. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने असतो, पण "ऑफिसर" किंवा "एक्झिक्युटिव्ह" असं पद दिलं की अनेक ठिकाणी तो मिळत नाही. ऑपरेटरला महिन्याला ४० तास ओव्हरटाइम मिळत असेल तर नावाच्या बढतीने हातातला पगार कमी होऊ शकतो.

ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. पगार त्याच्या आत असेल तर तुमच्याकडून ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते आणि तुमच्यासह कुटुंबावर, अवलंबून असलेल्या आई-वडिलांवरही, उपचार होतात. २०,५०० वरून २१,५०० वर गेलात की हजार रुपये वाढतात आणि ते छत्र जातं. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या कालावधीच्या मध्येच पगार वाढला तर तो कालावधी संपेपर्यंत संरक्षण चालू राहतं. नवीन नोकरीत मात्र सुरुवातच मर्यादेच्या वर होते. घरात आई-वडिलांची औषधं चालू असतील तर नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का, रक्कम किती, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का, हे तपासूनच सही करा. नसतील तर ती हजाराची वाढ म्हणजे तोटा आहे.

बाँडबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. "बाँडला काही अर्थ नसतो" हे खरं नाही. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. आणि बाँडवर लिहिलेली कितीही रक्कम भरावीच लागते, हेही खरं नाही. करार कायद्यात वाजवी भरपाईचंच तत्त्व आहे. सही करण्याआधी मुदत, रक्कम आणि कुठलं प्रशिक्षण त्याबदल्यात मिळणार, हे वाचा. मूळ मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मात्र कुणालाही देऊ नका. साक्षांकित प्रती पुरतात.

राजीनामा आणि त्यानंतरचे कागद

नवीन ऑफर लेखी, पद, जॉइनिंगची तारीख आणि ब्रेकअपसह हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. फोनवरचा होकार हा होकार नसतो. राजीनामा ईमेलने द्या, त्यात शेवटचा दिवस लिहा आणि तो स्वीकारल्याचं उत्तर मागा. नोटीस साठ दिवसांची असेल आणि नव्या कंपनीला तीस दिवसांत हवं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर कापणार की ग्रॉसवर, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं. २६,००० ग्रॉस आणि १५,००० बेसिक असताना हा फरक महिन्याला ११,००० चा आहे. शिल्लक रजा नोटीसमध्ये धरता येतील का, हेही विचारून घ्या.

पाच वर्षांच्या जवळ आला असाल तर तारीख पाहा. परमनंट माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. शेवटचा बेसिक आणि डीए १८,००० असेल तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे जवळपास ५१,९०० रुपये. चार वर्षं सहा महिन्यांनी दोन हजारांच्या वाढीसाठी सोडणं परवडत नाही. नव्या कंपनीशी जॉइनिंगच्या तारखेबद्दल बोला.

शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, तीन स्लिप आणि हिशेबाची प्रत मागून घ्या. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचं देणं द्यायची तरतूद आहे. जुनी पद्धत मात्र तीस ते पंचेचाळीस दिवसांची, त्यामुळे पाठपुरावा लेखी ठेवा. त्याच आर्थिक वर्षात नोकरी बदलली असेल तर आधीच्या कंपनीतलं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे सवलती दोनदा धरल्या जातात आणि रिटर्न भरताना कर अंगावर येतो.

पीएफ काढू नका, वळवा. यूएएन बारा आकडी असतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. नव्या कंपनीला तोच द्या, नवा काढू देऊ नका. अडकतं ते बहुतेक नावात: आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, लग्नानंतर एका कागदावर बदललेलं आणि दुसऱ्यावर जुनंच. हे नोकरीत असतानाच जुळवून घ्या, कारण जुन्या कंपनीची मंजुरी लागणार असेल तर बाहेर पडल्यावर ती मिळवायला चकरा माराव्या लागतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्ही स्वतः भरू शकता. पाच वर्षांच्या आत मोठी रक्कम काढली तर टीडीएस कापला जातो. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून होते.

नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या वीस-बावीस तारखेला उमंग ॲपवर पासबुक उघडा. कंपनीला आधीच्या महिन्याचा पीएफ पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो, नोंद दिसायला थोडे दिवस जातात. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात नोंद नाही, असं सलग दोन महिने दिसलं तर आधी एचआरला ईमेल करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्लिप जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.